ग्दान्स्क बघायला येताय? मराठी पाहुण्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ग्दान्स्कला राहायला आल्यापासून मराठी लोकांचे निरोप सुरूच असतात. कुणी कामासाठी वॉर्सोला आलेलं असतं आणि शनिवार-रविवार मोकळा असतो. कुणाचे आई-बाबा जर्मनीत मुलाकडे आलेले असतात. कुणी पुढच्या वर्षीची सहल आखत असतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले. सोपे आधी घेतले, गुंतागुंतीचे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ग्दान्स्क नेमकं आहे कुठे? आणि नावाचा उच्चार कसा करायचा?

पोलंडच्या उत्तर टोकाला, बाल्टिक समुद्राच्या आखातावर. पोलंडची सर्वांत मोठी नदी विस्वा (नकाशात व्हिस्टुला) इथेच समुद्राला मिळते. या शहराची सारी श्रीमंती त्या नदीने आणली. आतल्या प्रदेशातलं धान्य आणि लाकूड नदीतून खाली यायचं आणि इथून अ‍ॅमस्टरडॅमकडे जहाजांनी जायचं.

एक गोष्ट आधीच सांगतो. जुना भाग समुद्रकाठी नाही, मोत्वावा नावाच्या छोट्या नदीच्या काठी आहे. खिडकीतून समुद्र दिसेल म्हणून मध्यवस्तीत हॉटेल घेऊ नका. वाळूच्या किनाऱ्यासाठी ट्राम धरावी लागते.

उच्चाराचं म्हणाल, तर इंग्रजी बोलणाऱ्यांना तो जड जातो, आपल्याला नाही. 'वाग्देवी', 'वाग्दत्त वधू' म्हणणाऱ्या जिभेला 'ग्द' काय अवघड!

२. डान्झिग आणि ग्दान्स्क ही एकाच शहराची नावं आहेत का? लोकांना 'डान्झिग' म्हटलेलं आवडत नाही असं ऐकलंय.

एकाच शहराची. डान्झिग हे जर्मन नाव. नाव कोणतं घ्यायचं हा इथे नाजूक विषय का आहे, ते कळायला थोडा इतिहास लागेल.

शहराचा पहिला उल्लेख ९९७ सालचा, संत वोयचेख यांच्या चरित्रातला. १३०८ मध्ये ट्युटॉनिक सरदारांनी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने, ते रक्तपात करून घेतलं आणि जवळपास दीडशे वर्षं ठेवलं. १४५४ मध्ये शहराने त्यांच्याविरुद्ध उठाव केला आणि पोलंडच्या राजाचं छत्र स्वीकारलं. राजाने भरपूर स्वायत्तता दिली. व्यापारी जर्मन बोलत, निष्ठा पोलंडच्या राजाशी, आणि घरं बांधायला कारागीर नेदरलँड्सचे. पुढची तीन शतकं हीच शहराच्या भरभराटीची. १७९३ मध्ये ते प्रशिया या जर्मन राज्याकडे गेलं. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० ते १९३९, ते ना जर्मनीचं होतं ना पोलंडचं: राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचं 'मुक्त शहर', स्वतःचं चलन असलेलं. १९४५ पासून ते पोलंडमध्ये आहे.

म्हणून आजच्या शहराबद्दल बोलताना ग्दान्स्क म्हणा. दोन महायुद्धांमधल्या मुक्त शहराबद्दल बोलताना डान्झिग म्हटलं तर कुणी रागावत नाही.

३. किती दिवस ठेवावेत आणि कोणत्या महिन्यात यावं?

शहरासाठी दोन पूर्ण दिवस, मालबोर्कचा किल्ला धरला तर तीन (प्रश्न १९). एका दिवसात उरकणारे लोक हमरस्त्यावर फोटो काढून परततात. त्यांचं गोदीतलं संग्रहालय (प्रश्न १३) हमखास राहतं आणि मला त्याचीच सर्वांत जास्त हळहळ वाटते.

मे अखेर ते सप्टेंबर हा काळ उत्तम. जूनमध्ये पहाटे चारनंतर उजाडतं आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला इथला उन्हाळाही गारच वाटतो, तेव्हा वारा अडवणारं जाकीट बॅगेत हवंच. हिवाळ्याबद्दल प्रश्न २१ पाहा.

४. व्हिसा, पैसे आणि येण्याजाण्याचं काय?

शेंगेन व्हिसा लागतो. जर्मनी किंवा फ्रान्सचा शेंगेन व्हिसा असेल तर त्यावर इथे येता येतं. फक्त १८० दिवसांत ९० ही मर्यादा सगळे देश मिळून मोजली जाते. पोलंड युरोपीय संघात आहे, पण चलन युरो नाही, झ्लॉटी आहे. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं.

वॉर्सोहून वेगवान रेल्वे तीन तासांच्या आसपास पोहोचवते. ग्दान्स्क, सोपोत आणि ग्दिन्या ही तीन शहरं एकमेकांना जोडलेली आहेत आणि त्यांच्यामधून लोकल धावते. फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचं तिकीट असेल, तर चढण्याआधी तो मारा. तिकीट खिशात असून केवळ शिक्का नाही म्हणून दंड भरलेले दोन पाहुणे माझ्याकडे येऊन गेले आहेत.

रविवारी बहुतेक मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात. उपाहारगृहं आणि पेट्रोल पंप उघडे असतात. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो ती छोटी दुकानंही चालू असतात. किराणा शनिवारीच भरून ठेवा.

५. 'ओल्ड टाउन'मध्ये हॉटेल घेतलं, पण फोटोतला रस्ता तिथे नाही. असं कसं?

कारण फोटोतला रस्ता ओल्ड टाउनमध्ये नाहीच. द्वुगा रस्ता, द्वुगी तार्ग म्हणजे लांबट बाजारचौक, नेपच्यूनचं कारंजं, जुनी क्रेन हे सगळं ज्या भागात आहे त्याचं नाव 'ग्वुव्हने म्यास्तो', म्हणजे मुख्य शहर. 'स्तारे म्यास्तो', म्हणजे जुनं शहर, हा त्याच्या उत्तरेचा वेगळा भाग. परदेशी संकेतस्थळं दोन्हींना सरसकट ओल्ड टाउन म्हणतात.

घाबरू नका, दोन्हींत दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे. आणि स्तारे म्यास्तोही बघण्यासारखं आहे. तिथे चौदाव्या शतकातली मोठी गिरणी आहे. ट्युटॉनिक सरदारांनी ती कालव्याच्या पाण्यावर चालवली आणि तिला १८ चाकं होती. आता तिच्यात अंबर संग्रहालय आहे.

६. हे सगळं १९४५ नंतर बांधलंय म्हणतात. मग त्यात खरं जुनं काय, आणि बघायचं कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या सुरात फसवलं गेल्याची छटा असते. म्हणून जरा सविस्तर.

मार्च १९४५ मध्ये लाल सैन्य शहरात शिरलं. बाँब, तोफा आणि त्यानंतरच्या आगी यांत मध्यवस्तीचा सुमारे ९० टक्के भाग गेला. त्या काळचे फोटो इथल्या संग्रहालयांत लावलेले आहेत. विटांच्या ढिगाऱ्यांतून काही भिंती आणि मनोऱ्यांची खोडं तेवढी उभी दिसतात. आहे ते अवशेष तसेच ठेवावेत, नवं शहर दुसरीकडे वसवावं, असंही मत तेव्हा मांडलं गेलं. शेवटी ठरलं ते असं: रस्त्यांची जुनी आखणी ठेवायची, घरांचे दर्शनी भाग जुन्या चित्रांवरून आणि फोटोंवरून उभे करायचे, आणि आत कामगारांसाठी साध्या सदनिका काढायच्या.

यात निवडही होती. एकोणिसाव्या शतकातल्या प्रशियन काळाच्या खुणा बहुतेक गाळल्या गेल्या आणि सोळाव्या-सतराव्या शतकातलं, डच वळणाचं रूप पुढे आणलं. म्हणजे तुम्ही बघता ते १९३९ चं शहर नव्हे. युद्धानंतरच्या लोकांनी ठरवलं की शहराचा कोणता काळ आपण जपायचा, आणि ते ठरवणं इथे विटांत बांधलेलं आहे. मला तर हे शहर याच कारणासाठी बघण्यासारखं वाटतं.

स्वतः पडताळून बघा. द्वुगा रस्त्यावरची सोनेरी नक्षी बघून झाली की एखाद्या बोळातून मागच्या अंगाला जा. तिथे साधा गिलावा आहे, कपडे वाळत घातलेत, मुलांचा झोपाळा आहे, एखादी आजी खिडकीतल्या कुंडीला पाणी घालते आहे. युद्धापूर्वी इथे मागच्या बाजूची घरं एकमेकांना खेटून होती. ती परत बांधली नाहीत, अंगणं मोकळी ठेवली, राहणाऱ्यांना उजेड आणि हवा मिळावी म्हणून. समोरून व्यापाऱ्याचं घर दिसतं आणि मागून १९५० च्या दशकातली वसाहत.

आता खरं जुनं कसं ओळखायचं ते. चर्चच्या किंवा क्रेनच्या विटांच्या भिंतीजवळ जाऊन उभे राहा. जुनी वीट काळवंडलेली, कडा झिजलेली, थोडी वेडीवाकडी असते. नवी वीट एकसारखी लाल, सांधे सरळ. दोन्ही जिथे मिळतात ती रेघ कित्येक ठिकाणी उघड दिसते. एकदा डोळ्यांना सवय झाली की शहरभर ती रेघ शोधत फिरता येतं.

७. म्हणजे ग्दान्स्क युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे ना?

नाही. वॉर्सोचा जुना भाग पुन्हा बांधलेला असूनही यादीत आहे, म्हणून लोक इथलंही गृहीत धरतात. जवळचा मालबोर्कचा किल्ला आणि तोरुन्य शहर मात्र १९९७ पासून यादीत आहेत. ग्दान्स्कची एक वस्तू युनेस्कोच्या वेगळ्या, दस्तऐवजांच्या नोंदवहीत आहे. ती कोणती, हे प्रश्न १३ मध्ये येतं.

८. मोठ्या विटांच्या चर्चमध्ये काय बघायचं? मनोरा चढावा का?

संत मेरीचं हे चर्च १३४३ मध्ये बांधायला घेतलं आणि १५०२ मध्ये पुरं झालं: १५९ वर्षं! लांबी १०५ मीटर. जगातल्या सर्वांत मोठ्या विटांच्या चर्चांत त्याची गणना होते. आत शिरल्यावर पांढऱ्या भिंती आणि रिकामी उंची यांनी जरा दडपायला होतं. पूर्वी आत रंगीत काच आणि कलाकुसर पुष्कळ होती. बरीच युद्धात गेली, काही संग्रहालयांत आहे.

उत्तरेच्या बाजूला हान्स ड्युरिंगरने १४६४ ते १४७० या काळात केलेलं खगोल-घड्याळ आहे. तिथी, चंद्राची कला, राशी, संतांचे दिवस सगळं त्यात वाचता येतं. आपल्या घरातलं पंचांग लाकडात कोरून चौदा मीटर उंच उभं केलं तर जे होईल ते हे. दुसरीकडे असं घड्याळ करू नये म्हणून कारागिराचे डोळे काढले अशी गोष्ट सांगतात. युरोपात अशा बऱ्याच घड्याळांची हीच गोष्ट सांगतात, तेव्हा ती गोष्ट म्हणूनच ऐका.

मनोऱ्याला चारशेहून जास्त पायऱ्या आहेत आणि सुरुवातीचा चक्री जिना अरुंद आहे. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल तर सोडून द्या. चढलात तर वरून लाल छपरं, मोत्वावा आणि दूर गोदीतल्या क्रेन एका दमात दिसतात.

९. मेमलिंगचं 'अंतिम न्याय' हे चित्र याच चर्चमध्ये आहे ना?

चर्चमध्ये आहे ती प्रतिकृती. मूळ चित्र राष्ट्रीय संग्रहालयात, जुन्या फ्रान्सिस्कन मठाच्या इमारतीत आहे. चर्चपासून चालत पंधरा मिनिटं.

या चित्राचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. हान्स मेमलिंगने ते आजच्या बेल्जियममधल्या ब्रुखमध्ये (ब्रुज) फ्लॉरेन्सच्या मेदिची पेढीचा प्रतिनिधी आंजेलो तानी याच्यासाठी काढलं. ते घेऊन फ्लॉरेन्सला निघालेलं जहाज १४७३ मध्ये ग्दान्स्कच्या पाउल बेनेकेने धरलं. बेनेके म्हणजे परवाना घेऊन शत्रूची जहाजं लुटणारा कप्तान. चित्र संत मेरीच्या चर्चला मिळालं. पोपनेही परत मागून पाहिलं, शहराने दिलं नाही. पुढे नेपोलियनच्या माणसांनी ते पॅरिसला नेलं, तिथून परतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते लेनिनग्राडला गेलं आणि १९५६ मध्ये पुन्हा इथे आलं. चित्रासमोर बाक असेल तर बसा. मधल्या भागात देवदूत तराजूत माणसं तोलतो आहे. त्याच्या चकाकत्या चिलखतात आजूबाजूच्या माणसांचं प्रतिबिंब रंगवलं आहे, ते जवळून शोधा.

१०. नदीकाठची ती लाकडी काळी इमारत म्हणजे काय?

ती 'झुराव', म्हणजे बंदराची जुनी क्रेन. आजचं रूप १४४२ ते १४४४ मधलं. चार टन वजन ११ मीटर उंच उचलू शकायची, आणि ते बळ माणसांच्या पायांचं होतं. आत मोठाली लाकडी चाकं आहेत. त्यांच्या पोटात माणसं पिंजऱ्यातल्यासारखी चालत राहायची, की दोर गुंडाळला जायचा. माल चढवायला आणि जहाजांवर डोलकाठ्या उभ्या करायला ती वापरत. शिवाय ते शहराचं दारही होतं, म्हणून दोन्ही अंगांना विटांचे बुरूज. १९४५ मध्ये लाकूड जळून गेलं, बुरुजांचा बराच भाग तगला. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये ती पुन्हा लोकांसाठी खुली झाली. आत जाऊन चाकांखाली उभं राहिल्याशिवाय तिचा आकार कळत नाही.

११. अंबर खरं की खोटं हे कसं ओळखायचं? आईसाठी माळ घ्यायची आहे.

अंबर हा दगड नाही. चार कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा तो घट्ट झालेला चीक आहे. आपल्याकडचं जुनं नाव तृणमणी, म्हणजे गवताची काडी ओढून घेणारा मणी. लोकरीवर घासला की खरंच कागदाचे कपटे चिकटतात. पण प्लॅस्टिकही तसं करतं, म्हणून नुसत्या या परीक्षेवर जाऊ नका.

हातात घ्या. अंबर हलकं आणि कोमट लागतं, काच गार आणि जड. अतिनील दिव्याखाली खरं अंबर निळसर-हिरवट उजळतं. चांगल्या दुकानात असा दिवा असतो आणि मागितला तर दाखवतात. तापलेल्या सुईने धुपासारखा वास येतो खरा, पण त्याने मणी खराब होतो, कुठलाही दुकानदार करू देणार नाही.

घरी करता येण्यासारखी परीक्षा मिठाच्या पाण्याची. माझी मावशी आली होती तेव्हा तिने किनाऱ्यावरच्या एका टपरीवरून सुटे मणी घेतले. घरी येऊन मी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, चार मोठे चमचे मीठ ढवळून विरघळवलं आणि मणी एकेक करून सोडले. तीन तरंगले. दोन संथपणे फिरत तळाला गेले, आणि मावशी बराच वेळ त्या ग्लासाकडे बघत राहिली. ही परीक्षा सुट्या मण्यांचीच होते. चांदीत बसवलेलं अंबर चांदीच्या वजनानेच बुडतं. काही हलकी प्लॅस्टिकंही तरंगतात, म्हणजे बुडलं तर जवळजवळ नक्की खोटं, तरंगलं तर बहुधा खरं.

आता बारकावे. छोटे तुकडे उष्णता आणि दाबाने एकत्र केलेलं 'दाबलेलं अंबर' खोटं नसतं, पण स्वस्त असायला हवं. आतल्या चमचमत्या गोल चकत्या बहुधा तापवल्यामुळे येतात, तेही चालतं, फक्त दुकानदाराने सांगायला हवं. कोपाल हा तरुण चीक अंबर म्हणून विकतात, त्यावर ॲसिटोनचा थेंब टाकला तर चिकट होतो. मोठा विंचू किंवा सरडा स्वस्तात दिसला तर पुढे चला. १९९७ मध्ये इथे सापडलेला अंबरातला सरडा इतका दुर्मीळ आहे की तो संग्रहालयात ठेवला आहे.

माळ घ्यायला मारियात्स्का गल्ली चांगली. घरांपुढच्या दगडी ओट्यांखाली तळघरांत छोट्या कार्यशाळा आहेत. पाऊस आला तर पळू नका. ओट्यांच्या टोकांना दगडी पन्हळ्यांची जनावरांची तोंडं आहेत, त्यांतून पाणी धबधबा पडायला लागतं.

१२. किनाऱ्यावर अंबर सापडतं का? उचललं तर चालतं का?

सापडतं, बहुतेक वेळा वादळानंतर, शरद ऋतूत आणि हिवाळ्यात, समुद्राने फेकलेल्या शेवाळ-काटक्यांच्या रांगेत. हाताने वेचायला हरकत नाही. खणायला परवाना लागतो. तुकडे बहुधा हरभऱ्याएवढे असतात.

एक इशारा गंभीरपणे घ्या. बाल्टिकच्या काही किनाऱ्यांवर, विशेषतः जर्मनीतल्या उझेडोम बेटावर, महायुद्धातल्या बाँबमधल्या फॉस्फरसचे तुकडे वाहून येतात. ते अगदी अंबरासारखे दिसतात आणि वाळले की पेट घेतात. वेचलेलं काहीही ओलं असताना खिशात टाकू नका, पत्र्याच्या डबीत ठेवा.

१३. गोदीतलं गंजलेल्या लोखंडासारखं दिसणारं संग्रहालय कशाचं? मुलांना कळेल का?

ते युरोपियन सॉलिडॅरिटी सेंटर, २०१४ मध्ये उघडलेलं. भिंती जहाजाच्या पत्र्याची आठवण यावी म्हणून मुद्दाम गंजक्या रंगाच्या आहेत.

आधी बाहेरचं स्मारक: ४२ मीटर उंच तीन क्रूस, त्यांवर नांगर. डिसेंबर १९७० मध्ये, नाताळच्या तोंडावर, सरकारने अन्नधान्याचे भाव वाढवले. किनाऱ्यावरच्या शहरांतले कामगार रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. चाळीसहून अधिक माणसं गेली.

दहा वर्षांनी, ऑगस्ट १९८० मध्ये, आना वालेंतिनोविच या क्रेनचालक बाईंना निवृत्तीला पाच महिने असताना कामावरून काढलं. १४ ऑगस्टला गोदी बंद पडली. लेख वावेंसा हा वीजतंत्री संपाचा पुढारी झाला. कामगारांनी २१ मागण्या लाकडी फळ्यांवर लिहून दरवाजा क्रमांक दोनवर टांगल्या. ३१ ऑगस्टला सरकारने सही केली. साम्यवादी गटात पहिल्यांदाच सरकारच्या ताब्यात नसलेली कामगार संघटना मान्य झाली. तिचं नाव 'सॉलिडॅरिटी'. पुढच्या वर्षभरात तिचे सुमारे एक कोटी सभासद झाले. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा आला, संघटना दडपली गेली, पण १९८९ च्या निवडणुकीपर्यंत ती टिकली.

त्या फळ्या आत ठेवलेल्या आहेत. २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेल्या त्या याच. मागण्या वाचा. संपाच्या हक्काबरोबर मांसाचा पुरवठा, बाळंतपणाची रजा, पाळणाघरं असं सगळं त्यांत आहे. गिरणी संपाच्या आठवणी असलेल्या घरातला माणूस तिथे थांबतोच, हे मी पाहिलं आहे. दहा वर्षांवरच्या मुलांना ध्वनी-मार्गदर्शक घेतला तर कळतं. तीन तास ठेवा.

१४. दुसरं महायुद्ध इथेच सुरू झालं का? वेस्टरप्लाट्टेला जाऊन काय दिसतं?

१ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास, सदिच्छा भेटीच्या नावाखाली बंदरात आलेल्या 'श्लेस्विग-होल्श्टाइन' या जर्मन युद्धनौकेने वेस्टरप्लाट्टेवरच्या पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या. सुमारे दोनशे सैनिकांनी ते ७ सप्टेंबरपर्यंत लढवलं. त्याच सकाळी शहरातल्या पोलिश टपाल कार्यालयावरही हल्ला झाला. टपाल कर्मचारी दिवसभर लढले. शरण आलेल्यांपैकी बहुतेकांना पुढे गोळ्या घालण्यात आल्या.

वेस्टरप्लाट्टेवर आज झाडी, उद्ध्वस्त बराकी, माहितीचे फलक आणि उंच स्मारक आहे. उन्हाळ्यात मोत्वावावरून बोटीने जा, वाटेत चालू बंदर दिसतं. संपूर्ण युद्ध समजून घ्यायचं असेल तर २०१७ मध्ये उघडलेलं दुसऱ्या महायुद्धाचं संग्रहालय बघा. मुख्य दालनं जमिनीखाली आहेत. हे आणि प्रश्न १३ मधलं संग्रहालय एकाच दिवशी करू नका, मन भरून येतं.

१५. आज इथे राहणारे लोक जुन्या ग्दान्स्ककरांचे वंशज आहेत का?

बहुतेक नाहीत. युद्धापूर्वी शहर बहुसंख्य जर्मनभाषक होतं. १९४५ च्या सुमारास ते लोक पळाले किंवा त्यांना घालवून दिलं गेलं. रिकाम्या, जळक्या शहरात मध्य पोलंडमधून, शेजारच्या काशुबियातून आणि पूर्वेकडच्या विल्नो-ल्वूव (आजचे विल्नियस आणि ल्विव्ह) भागांतून माणसं आली. ते पूर्वेकडचे प्रांत युद्धानंतर सोव्हिएत संघात गेले होते. ज्यांची स्वतःची गावं सुटली त्यांनी दुसऱ्यांच्या गावाची घरं नक्षीसकट पुन्हा उभी केली. प्रश्न ६ चं उत्तर वाचताना हे सोबत ठेवा.

काशुबी लोक मात्र इथलेच. त्यांची भाषा वेगळी आहे आणि २००५ पासून तिला कायद्याने प्रादेशिक भाषेचा दर्जा आहे.

१६. कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश लोक राहिले होते. त्यांचा ग्दान्स्कशी काही संबंध?

थेट नाही, पण मूळ एकच. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरिया-कझाकस्तानला हाकललं होतं. तिथून इराणमार्गे ते भारतात पोहोचले. युद्ध संपलं तोवर त्यांची गावं पोलंडमध्ये उरली नव्हती, म्हणून पुष्कळजण इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे गेले. त्याच पूर्वेकडच्या इतर माणसांना रेल्वेने ग्दान्स्कला आणलं गेलं. इथे कुणी वयस्कर माणसाने आपलं घराणं पूर्वेकडचं असल्याचं सांगितलं, तर वळिवड्याचं नाव जरूर काढा.

१७. शुद्ध शाकाहारी माणसाचं कसं होतं?

होतं, पण विचारून खा. पिएरोगी म्हणजे करंजीच्या आकाराचे उकडलेले कानवले. 'रुस्किए' या प्रकारात बटाटा आणि पनीरसारखं चीज असतं. कोबी-मशरूमचेही मिळतात. अडचण वरच्या परतलेल्या डुकराच्या तुकड्यांची, त्यांना 'स्क्वार्की' म्हणतात. मागवतानाच 'बेझ स्क्वारेक' सांगा. 'बेझ मिएंसा' म्हणजे मांसाशिवाय, पण काहींच्या लेखी मासा मांसात येत नाही, तेव्हा वेगळं विचारा. बिटाचं सूप आणि झुरेक हे आंबट सूप बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. बटाट्याची धिरडी आणि गोड घावनांसारखे नालेश्निकी यांत मांस नसतं, पण बहुधा अंडं असतं, तेही विचारून घ्या. 'बार म्लेच्नी', म्हणजे दूध-खानावळी, स्वस्त आणि घरगुती असतात. कांदा-लसूण चालत नसेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या.

१८. इथल्या समुद्रात पोहता येतं का? भरती-ओहोटीच्या वेळा कुठे बघायच्या?

बघायची गरजच नाही. बाल्टिकला भरती-ओहोटी काही सेंटिमीटरची, डोळ्यांना न कळणारी. पाण्याची पातळी बदलते ती वाऱ्याने. पाणी फारसं खारटही नाही, कारण नद्या भरपूर आणि महासागराशी जोड अरुंद. कोकणातून आलेले पाहुणे पहिल्यांदा पाणी चाखतात आणि चमकतात. जुलै-ऑगस्टमध्ये लोक पोहतात, पाणी थंडच असतं. सोपोतचा समुद्रात जाणारा लाकडी धक्का ५११ मीटर लांब आहे, त्यावर संध्याकाळी नुसतं चाललं तरी पुरे.

१९. आसपास एकच ठिकाण करता येणार असेल तर कोणतं? आणि ऑगस्टमधल्या जत्रेसाठी मुद्दाम यावं का?

पूर्ण दिवस असेल तर मालबोर्क: ट्युटॉनिक सरदारांचा विटांचा अवाढव्य किल्ला, रेल्वेने पाऊण तासाच्या आत. अर्धाच दिवस असेल तर ओलिवाचं कॅथेड्रल. तिथल्या अठराव्या शतकातल्या ऑर्गनवर छोटी वादनं होतात. सूर भरला की वरचे लाकडी देवदूत कर्णे हलवतात आणि तारे फिरतात.

संत डॉमिनिकची जत्रा १२६० मधल्या पोपच्या आज्ञापत्रापासूनची मानतात. जुलैअखेरपासून तीन आठवडे रस्ते गजबजलेले असतात. जुन्या वस्तूंची हौस असेल तर या. इमारती शांतपणे बघायच्या असतील तर ते आठवडे टाळा.

२०. घरातल्या तापमापीवरचा फॅरनहाइट इथला, हे खरं का?

खरं. दानिएल गाब्रिएल फॅरनहाइट १६८६ मध्ये इथे जन्मला. 'पोराला शंभरवर ताप आहे' असं आपण अजूनही म्हणतो ते त्याच्याच मापात. पंधरा वर्षांचा असताना आई-वडील गेले आणि तो अ‍ॅमस्टरडॅमला गेला. चंद्राचे नकाशे करणारा हेवेलिउसही इथलाच. तो बिअर गाळण्याचा धंदा सांभाळत घराच्या छपरावरच्या वेधशाळेतून आकाश बघायचा. तत्त्वज्ञ शोपेनहाउअरचा जन्मही इथे, १७८८ मध्ये.

२१. आम्हाला डिसेंबरमध्येच रजा आहे. आई-बाबा सत्तरीचे आहेत. यावं का?

या, पण दिवस वेगळा आखा. आठच्या सुमारास उजाडतं आणि साडेतीनला सूर्य मावळतो. बाहेरचं सगळं सकाळी अकरा ते तीनमध्ये बघा, संग्रहालयं दुपारनंतर ठेवा. ती आतून उबदार आहेत, लिफ्ट आहेत, बसायला जागा आहे. संग्रहालयांच्या सुट्टीचे वार निरनिराळे असतात, आदल्या दिवशी तपासा.

रस्ते दगडी आणि ओबडधोबड आहेत, बर्फ वितळून पुन्हा गोठला की निसरडे होतात. आई-बाबांना खाचांच्या रबरी तळव्याचे बूट घ्या आणि ते इथे येऊन घ्या, भारतातले इथल्या बर्फावर टिकत नाहीत. मनोरा अर्थातच नाही (प्रश्न ८). हॉटेल ग्वुव्हने म्यास्तोतच घ्या (प्रश्न ५), म्हणजे दमले की दहा मिनिटांत खोलीवर. आणि चारच्या सुमारास मारियात्स्का गल्लीत एक फेरी माराच. अंधार पडलेला असतो, ओट्यांवरचे दिवे लागलेले असतात, आणि तळघरातल्या कारागिराच्या खिडकीतून अंबर घासण्याचा बारीक आवाज येत असतो.